गाळातलं माणूस

१

हँकॉक गावाच्या उतारावर एक दुकान आहे. पूर्वी तिथं बूट मिळायचे. आता लोक तिथं आपली गेलेली माणसं घेऊन येतात. माळ्यावर, तळघरात, बिस्किटांच्या डब्यांत पडून राहिलेली आठ मिलिमीटर फिल्मची रिळं काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "आजोबांना जरा स्वच्छ करून द्या. मोठ्या टीव्हीवर बघायचंय."

आजोबांना स्वच्छ करण्याचं काम लिनिया सारीचं. रिळं धुणं, तुटलेले सांधे जोडणं आणि एकेक फ्रेम स्कॅन करणं हे गिल बर्तूचीकडं असायचं. पुढचं सगळं लिनियाकडं. कित्येक वर्षं दोघं एकाच खोलीत काम करत होती. एकमेकांच्या आयुष्यात नाक खुपसायचं नाही, हे त्यांच्यात न बोलता ठरून गेलं होतं.

जुन्या फिल्मवर दाणे असतात. पडद्यावर त्यांच्या मुंग्या होतात, पूर्वी टीव्हीचं स्टेशन गेलं की दिसायच्या तशा. चित्र तसंच मोठं करायला गेलं तर मुंग्यांचे मुंगळे होतात आणि आजोबा त्यांच्यात बुडून जातात. म्हणून आधी मुंग्या काढायच्या, मग चित्र मोठं करायचं. कॉम्प्युटर मागच्यापुढच्या फ्रेम एकमेकींशी ताडून बघतो. जे जागेवर टिकतं ते चित्र, जे वळवळतं त्या मुंग्या. पण हावरटपणे साफ केलं तर मुंग्यांबरोबर आजोबांच्या भुवयाही जातात आणि चेहरा मेणाचा होतो. म्हणून प्रत्येक रिळानंतर लिनिया एक तपासणी करायची. मूळ चित्रातून साफ केलेलं चित्र वजा करायचं आणि जे उरेल ते उजळून बघायचं. त्याला ती दोघं 'गाळ' म्हणत. गाळात नुसत्या मुंग्या दिसल्या पाहिजेत. तिथं कुणाच्या मिशीची रेघ किंवा फ्रॉकची किनार दिसली, तर समजायचं की हात जड पडला.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिचा धाकटा भाऊ वेस बुटांवरचं बर्फ आपटत आत आला आणि त्यानं काउंटरवर एक खोकं ठेवलं.

"आईच्या नव्वदीला चर्चच्या तळघरात मोठा पडदा लावतोय. ही पप्पांची रिळं. सगळी तळ्यावरच्या कॅम्पची आहेत."

"एवढी वर्षं कुठं होती ही?"

"माझ्याकडं. तू कधी मागितली नाहीस."

"आहेत हेच मला माहीत नव्हतं, वेस."

"माहीत असतं तर काय केलं असतंस? तू त्यात आहेसच कुठं फारशी!"

तो हे वाईट हेतूनं म्हणाला नव्हता. वेसकडं वाईट हेतू धरायला वेळ नसायचा. तो नुसता बोलून जायचा, आणि ऐकणाऱ्यानं मग ते घरी नेऊन आठवडाभर चघळायचं. दारात पोचल्यावर तो वळून हसला. "आणि तुझा तो पाहुणा कुठं सापडला तर त्यालाही घासूनपुसून काढ हं!"

दार लागलं. गिलनं चष्म्यावरून बघितलं. "कसला पाहुणा?"

"काही नाही," लिनिया म्हणाली. "लहानपणची चेष्टा आहे."

२

पहिलं रीळ फार सुरेख निघालं. कॅम्प म्हणजे त्यांचं तळ्याकाठचं उन्हाळ्यातलं लाकडी घर. तळ्याचं पाणी, लाकडी धक्का, धक्क्यावर पाय सोडून बसलेली आई, तायमी. वयानं आत्ताच्या लिनियाच्या निम्मी, डोक्यावर पोहायची पांढरी टोपी. वाळू तोंडात घालणारा वेस. वेसच्या तोंडातली वाळू बोटानं काढणारी आउने मावशी. आणि पुढचे दात पडलेली एक मुलगी, जी कॅमेऱ्याकडं बघून हसायला विसरत होती. उजव्या बाजूला सौनाची, म्हणजे वाफेच्या अंघोळीची, लाकडी खोली, तिच्या धुराड्यातून सरळ वर जाणारा धूर. पप्पा दिसत नव्हते, कारण पप्पा कॅमेऱ्यामागं होते.

मुंग्या काढल्यावर आईच्या पोटरीवरचं पाणी चमकायला लागलं. लिनिया स्वतःवर खूश झाली. मग सवयीनं तिनं गाळ उघडला.

करड्या पडद्यावर मुंग्या खदखदत होत्या, जशा खदखदायला हव्यात तशा. फक्त उजवीकडं, सौनाच्या भिंतीपाशी, एका पट्ट्यात त्या थांबल्या होत्या.

थांबल्या म्हणजे अजिबात हलत नव्हत्या. पट्टा उभा होता. वर थोडा अरुंद, मग रुंद, मग खाली दोन भागांत गेलेला. लिनियाच्या मनात पहिला विचार आला तो धंद्यातला होता: अगं बाई, मी कुणाला तरी पुसलं. पप्पांचा कुणी मित्र असेल, सावलीत उभा असेल, आणि आपण त्याला मुंग्यांबरोबर उचलून टाकलं.

तिनं मूळ स्कॅन लावला. सौनाच्या भिंतीपाशी कुणी नव्हतं. भिंतीच्या फळ्या होत्या आणि फळ्यांवर ऊन होतं.

तिनं साफ केलेलं चित्र लावलं. फळ्या आणि ऊन.

पुन्हा गाळ लावला. माणूस.

जे आधीच्या चित्रात नाही आणि नंतरच्या चित्रात नाही, ते दोहोंच्या वजाबाकीत येणार कुठून? लिनिया खुर्चीत मागं टेकली. हीटरची घरघर चालू होती. बाहेर नगरपालिकेचं यंत्र रस्त्यावरचं बर्फ ढकलत चढावर जात होतं, त्याच्या दणक्यानं काचा थरथरत होत्या. सगळं जागच्या जागी होतं. तिनं पडद्यावरची ती आकृती मोठी केली, लहान केली, आणि मग न बघताच बंद केली.

३

गिलकडं नेण्याआधी तिनं स्वतः सगळं करून बघितलं. भिंगावर डाग असेल? पण डाग प्रत्येक फ्रेममध्ये एकाच जागी दिसला असता. पप्पांनी कॅमेरा फिरवला की हे सौनाबरोबर डावीकडं सरकत होतं, भिंतीला धरून. बुरशी असेल? बुरशी एका फ्रेमवर असते, फार तर चारदोन फ्रेमवर. रिळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी राहत नाही. स्कॅनरमध्ये बिघाड? तिनं ते रीळ मागच्या खोलीतल्या जुन्या यंत्रावर परत चढवलं. दुसरं यंत्र, दुसरं भिंग, दुसरा दिवा. तरी तेच.

"डोळ्यांना जरा सुट्टी दे," गिल म्हणाला. "मला परवा एका लग्नाच्या रिळात माझा मेलेला कुत्रा दिसला. ती नवरीची हँडबॅग होती."

"तू बघ आणि सांग हँडबॅग आहे का."

गिल आला, वाकला, बघितलं. त्याच्या हातात अर्धी खाल्लेली पेस्टी होती, बटाटा-मांस भरलेली. ती त्यानं हळूच टेबलावर ठेवली. गिल कधी कुणाच्या टेबलावर खाणं ठेवत नसे.

"पाठ आहे ही," तो म्हणाला.

"काय?"

"पाठमोरं उभं आहे. भिंतीकडं तोंड करून. कोपऱ्यात उभं केलेल्या पोरासारखं." मग तो सरळ झाला: "लिनिया, तू यातल्या मुंग्या राहू दे. आहे तसं देऊन टाक तुझ्या भावाला. लोकांना मुंग्या आवडतात. जुनं वाटतं."

"आणि हे?"

"मुंग्या असल्या की हे दिसत नाही ना? मग झालं."

तो आपल्या जागेवर गेला. पेस्टी तिथंच राहिली.

पण लिनियानं दुसरं रीळ लावलं, मग तिसरं. हट्टानं लावलं असं म्हणता येईल, पण त्या हट्टाच्या तळाशी काहीतरी आंबट, जुनं होतं, आणि त्याला तिनं अजून नाव दिलं नव्हतं. त्या प्रत्येक रिळात सौनापाशी ते होतं. त्यांतल्या प्रत्येक चित्रात माणसं त्याच्या अंगाला चाटून जात होती. आई त्याच्या बाजूची लाकडं उचलत होती. आउने मावशी टॉवेल वाळत घालताना त्याला वळसा घालत होती.

वळसा घालत होती. लिनियानं ते पुन्हा पुन्हा बघितलं. स्वच्छ चित्रात मावशी मोकळ्या गवतावरून चालताना विनाकारण अर्धवर्तुळ काढते आणि पुन्हा सरळ चालायला लागते.

४

तिच्या सातव्या वर्षी, कॅम्पवर, लिनिया घरच्यांना म्हणाली होती, "सौनाशी कोण उभं आहे?"

आईनं तिच्या थोबाडीत मारली होती. आधी कधी मारलं नव्हतं, म्हणून ती रडायचीही विसरली. तिनं पुन्हा विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं, रोज विचारलं. मग घरात त्याला 'लिनियाचा पाहुणा' म्हणायला लागले. पोरगी नाजूक मनाची आहे, तिला हवापालट हवा, असं ठरलं. शाळा उघडण्याआधी तिला इशपेमिंग गावी आउने मावशीकडं पाठवलं. हवापालट उन्हाळ्यापुरता असतो. लिनियाचा मात्र हायस्कूल संपेपर्यंत चालला. नाताळला घरी यायची तेव्हा वेस तिला "पाहुणी आली" म्हणायचा आणि सगळे हसायचे.

इशपेमिंगला ती शहाणी झाली. शहाणी म्हणजे आधी बोलायची थांबली, आणि मग, बोलायचंच नाही म्हटल्यावर, बघायचीही थांबली. मोठेपणी लग्न केलं, ते टिकलं नाही. डेल चांगला माणूस होता. जाताना म्हणाला होता, "तुझा राग नाही गं. पण तुझ्या घरात मला कधी तुझ्याशी एकटं असल्यासारखं वाटलंच नाही." तिला वाटलं होतं, तो तिच्या अबोलपणाबद्दल बोलतोय.

आता त्याच उन्हाळ्यातलं एक रीळ पडद्यावर होतं. धक्क्यावर सात वर्षांची लिनिया उभी आहे. हात पुढं, बोट सौनाकडं. तोंड हलतंय. फिल्म मुकी आहे, पण स्वतःचं तोंड वाचायला आवाज लागत नाही. *तू कोण आहेस?* बाजूनं आई येते, तिचा हात खाली ओढते, चित्र हिसकतं, रीळ संपतं.

गाळात ते भिंतीकडं तोंड करून नव्हतं. खांदा फिरला होता.

तिथं लिनियानं जे केलं ते कुठल्याही शहाण्या माणसानं केलं नसतं. त्या शेवटच्या फ्रेमचा गाळ तिनं मोठं करायच्या कामाला लावला. चित्र मोठं करणारं हे नवं यंत्र जे दिसत नाही ते स्वतःच्या मनानं भरतं आणि चेहऱ्यांच्या बाबतीत तर वेडंच आहे. पडद्याच्या चुणीला डोळे काढतं, झाडाच्या गाठीला नाक काढतं. गिल त्यावरून रोज शिव्या घालायचा. लिनियाला वाटलं, काढू दे चेहरा. खोटा असला तरी काढू दे. खोटा आहे म्हणून हसता येईल.

यंत्रानं फळ्या रंगवल्या, फळ्यांवरचे खिळे रंगवले, खिळ्यांभोवतीचा गंज रंगवला. पप्पांच्या कॅमेऱ्याला कधी दिसलं नव्हतं इतकं सगळं रंगवलं. आणि त्या डोक्याशी आल्यावर थांबलं. बिघडलं नाही, काम पूर्ण झाल्याची हिरवी खूण आली. चेहऱ्याच्या जागी त्यानं काहीच भरलं नव्हतं. एक गुळगुळीत जागा होती, आणि त्या जागेचा रोख धक्क्यावरच्या मुलीकडं होता.

त्यानंतरची रिळं तिनं उभ्या उभ्या बघितली. त्यांत ती नव्हती. गाळात मुंग्या खदखदत होत्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत, छान, निरोगी. सौनापाशी कुणी नव्हतं.

५

"आज आजींची तब्येत झकास आहे," वृद्धाश्रमातली नर्स म्हणाली. "सकाळीच मला तुमच्या फिनिश भाषेत शिव्या दिल्या. तुम्ही बसा, मी कॉफी पाठवते."

तायमी खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर लोकरी शाल. बाहेर छपराच्या कडेला माणसाएवढे बर्फाचे सुळके लोंबत होते. लिनियानं लॅपटॉप आईच्या समोर स्टुलावर ठेवला आणि आधी स्वच्छ चित्र लावलं.

"हे रंग कुठून आणलेस?" आई म्हणाली.

"होतेच. वर मळ होता."

"ही मी आहे? पाय बघ माझे!" म्हातारी खुदकन हसली. आई हसली की लिनियाच्या पोटात अजूनही लहान मुलीसारखं काहीतरी उडी मारायचं, आणि त्याचा तिला राग यायचा. तिनं गाळ लावला.

आईनं हे काय आहे असं विचारलं नाही. चित्र असं का दिसतंय, असंही नाही. तिनं शाल नीट केली.

"हं," ती म्हणाली. "इथंच उभं असायचं."

खोलीत वाफेच्या नळ्या ठणठणत होत्या. लिनियानं विचारलं, "तुला दिसायचं?"

"सगळ्यांना दिसायचं. तुझ्या पप्पांना, आउनेला. न दिसायला काय झालं? डोळ्यांसमोर तर होतं."

"मग मला का मारलंस?"

"तू बोललीस म्हणून."

"आई, मी सात वर्षांची होते!"

"त्याला काय त्याचं?" तायमी सौम्यपणे म्हणाली, जशी एखादी रीत समजावून सांगावी. "आम्ही कुणी त्याच्याकडं बघायचो नाही. त्याची आमच्याकडं पाठ असायची. सरपण आणायचं, पाणी भरायचं, सौना तापवायची, पोरांना न्हाऊ घालायचं. पाठ असली की माणूस कशाचीही सवय करून घेतो. तू बोट दाखवलंस. वर त्याला विचारलंस, तू कोण. मग वळलं ते."

लिनिया पाणी प्यायली. इतक्या वर्षांत मनातल्या मनात तिनं या बाईशी किती भांडणं केली होती, आणि त्या प्रत्येकात शेवटी आई म्हणायची, तू खोटं बोलत नव्हतीस. आता आई ते म्हणाली होती आणि तोंडात नुसती कडू चव होती. तरी एक धागा उरला होता. तो तिनं धरला.

"म्हणून मला मावशीकडं पाठवलंस. मला त्याच्यापासून वाचवायला."

तायमीच्या चेहऱ्यावर खरोखरच दया आली.

"तुला नाही गं. वेसला. तो केवढासा होता! आणि ते तुझ्या मागं मागं घरात यायला लागलं होतं. तू जेवायला बसलीस की तुझ्या मागं. तू झोपलीस की तुझ्या खोलीत. जिथं तू तिथं ते. तुझे पप्पा म्हणाले, तायमी, दोन्ही पोरं हातची जातील. मग तुला पाठवलं." तिनं शालीची एक गाठ सोडवायला घेतली. "तू गेलीस आणि ते गेलं. नंतर कॅम्पवर किती सुखाचे उन्हाळे काढले आम्ही!"

"आणि मावशी?"

"आउनेला मूलबाळ नव्हतं."

एवढं बोलून आईनं गाठ सोडवली, शाल सपाट केली. लिनिया तिच्याकडं बघत राहिली, आणि आयुष्यभर डोळ्यांसमोर असलेली गोष्ट तिला आता दिसली. आई तिच्याशी बोलताना तिच्या हातांकडं बघायची. ताटाकडं, बटणांकडं, फार तर हनुवटीकडं. हनुवटीच्या वर, खांद्यांच्या वर कधीच नाही.

"आई, वर बघ. माझ्याकडं बघ एकदा."

"जाताना दार नीट लाव," तायमी शालीला म्हणाली. "गार वारा येतो."

६

गिलनं दुकानात दिवा लावला नव्हता. दुपारच्या बर्फाच्या उजेडात तो नुसता बसला होता. तिनं कोट न काढता त्याला सगळं सांगितलं. सांगताना एकदाही तिचा आवाज चढला नाही. गिल मध्येच तिला थांबवेल, हसेल, नवरीच्या हँडबॅगचं काहीतरी काढेल, अशी तिला आशा होती.

"माझं टेबल पूर्वी कुठं होतं, आठवतं?" तो म्हणाला.

"माझ्या पुढं. तू माझ्याकडं पाठ करून बसायचास."

"मग मी ते हलवलं, पाठ भिंतीला येईल असं."

"हीटरची झळ लागते म्हणून."

"तसं म्हणालो होतो." त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला आणि बराच वेळ पुसत राहिला. "पाठ करून बसलो की मानेवर काहीतरी व्हायचं. वाटायचं, वय झालं. भिंतीला टेकल्यावर थांबलं. मी कधी नीट वर बघितलं नाही, लिनिया. शप्पथ. मला बघायचं नव्हतं."

"मला सांगायचं तरी होतंस."

"काय सांगणार होतो? आणि सांगितलं असतं तर..." तो थांबला. ते वाक्य कुठं जातं हे दोघांनाही कळलं होतं. जो बोलतो त्याच्याकडं ते उभं असलेलं वळतं.

म्हणजे तोही शहाणाच. डेलही शहाणाच. आयुष्यभर तिच्याशी लोक किती सांभाळून वागले होते!

"रिळं पुरी कर आणि देऊन टाक," गिल म्हणाला. "मुंग्यांशिवाय. छान दिसू दे त्यांना सगळं."

७

छानच दिसलं. चर्चच्या तळघरात पन्नासेक माणसं कागदी कपांतून कॉफी पीत होती, वेलदोडा घातलेल्या नीसू पावाचे तुकडे फिरत होते, आणि पडद्यावर तळ्याचं पाणी इतकं निळं होतं की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी 'आहाहा' केलं. वेस बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मग उठून म्हणाला, "हे सगळं माझ्या बहिणीनं केलंय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. लिनियाला उभं राहावं लागलं. टाळ्या वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी किती जण तिच्या हनुवटीकडं बघतायत, हे मोजायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

केक कापला. तायमीला मुकुट घातला. लिनियाच्या समोर, टेबलाच्या पलीकडं, वेसची नात टिली उशीवर बसून केक खात होती. चार वर्षांची, नाकाला पांढरं क्रीम. खाता खाता ती थांबली. लिनियाच्या डोक्याच्या वर, जरा मागं, बघत राहिली. तोंडातला घास तसाच.

"लिनिया आजी," ती म्हणाली, आणि तिचा हात वर यायला लागला. "ते कोण..."

लिनियानं टेबलावरून झेप घेऊन ते इवलं बोट मुठीत धरलं. केकची बशी उलटली. टिली दचकली, तिचा ओठ थरथरला, पण लिनियानं मूठ सोडली नाही. एका थपडीचं काम होतं. लिनियाच्या आईनं केलं तेच. पोर गप्प झाली असती, बहुतेक जन्मभर.

तिनं बोट हलकेच टेबलावर ठेवलं, खुर्ची फिरवली आणि मागं बघितलं.

भिंतीला खुंट्या होत्या. खुंट्यांवर ओळीनं कोट टांगले होते, बर्फानं ओले, जड, काळपट. त्यांतला एक उंच होता आणि त्याला खुंटी नव्हती.

"मी विचारलं होतं," लिनिया मोठ्यानं म्हणाली. "हिनं नाही. मी. इकडं बघ."

कॉफीचं भांडं तेवढं गुरगुरत होतं. मग वेसला हसू फुटलं. "अरे देवा! आला बघा पाहुणा!" ज्यांना गोष्ट माहीत होती ते हसले, ज्यांना माहीत नव्हती त्यांना शेजाऱ्यांनी सांगितली, मग तेही हसले. तायमी हसली नाही. तिनं टिलीला ओढून मांडीवर घेतलं, तिचं तोंड आपल्या छातीत दाबलं आणि टेबलावर सांडलेल्या क्रीमकडं बघत राहिली.

लिनियानं आपला कोट घेतला. "चल," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, ते कुणी विचारलं नाही. दारापाशी ती एका बाजूला झाली आणि एका माणसाला बाहेर पडायला लागतो त्याहून जास्त वेळ दार धरून उभी राहिली.

"दार लाव गं, वारा येतोय!" मागून वेस ओरडला.

बाहेर पांढरी दुपार होती. बर्फ भुरभुरत होतं. तिनं गाडीची काच खरवडली, आत बसली, शेजारच्या रिकाम्या सीटवरचे हातमोजे उचलून मागं टाकले. इंजिन सुरू केलं. तळघराच्या बुटक्या खिडकीतून पिवळा उजेड आणि गाण्याचे सूर येत होते. सगळे तायमीसाठी गात होते, आणि त्यांत टिलीचा बारीक आवाज वेगळा ऐकू येत होता.

तेवढ्यात गाडी टुणटुणायला लागली. समोरच्या पट्टीवर लाल खूण उजळली होती. शेजारी बसलेल्यानं पट्टा लावलेला नाही.

लिनिया समोरच्या काचेकडं बघत होती. टुणटुण थांबेना. वायपर इकडून तिकडं जात होते. सीटच्या गादीनं कुरकुर केली, वजन या बाजूवरून त्या बाजूवर गेल्यावर करते तशी.

तिनं मान न वळवता हात लांब केला, पट्टा ओढून घेतला आणि खाचेत बसवला. टुणटुण थांबली. मग तिनं गाडी रस्त्यावर घेतली.